आठ्या गेल्या, भुवया चढल्या!

मराठी माणसाला कपाळ वाचता येतं. भाषेनंच तशी सोय करून ठेवलीय. नाराजी असली की कपाळाला आठ्या पडतात, शंका आली की भुवया उंचावतात, राग आला की भुवया चढतात आणि सगळंच हाताबाहेर गेलं की आपण कपाळावर हात मारून घेतो. तोंडातून एक शब्द न काढता अख्खं भांडण उरकता येईल एवढा मालमसाला या चार बोटांच्या पट्टीत भरलेला आहे. आता कल्पना करा, की तुम्ही पैसे मोजून आठ्या काढून टाकल्या आणि त्या बदल्यात कायमच्या उंचावलेल्या भुवया घेऊन घरी आलात. बॉस समोर, भुवया वर. देवघरात आरती चाललीय, भुवया वर. कोणी साधं 'चहा घेणार का?' विचारलं तरी तुमचा चेहरा म्हणतोय, 'का? काय हेतू आहे?'

गंमत नाही, हे खरंच होतं. कपाळावर बोटॉक्स घेतल्यानंतर भुवईचं बाहेरचं टोक टोकदार कमान करून वर चढणं, हा स्किनच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा प्रकार आहे. त्याला नावसुद्धा आहे, स्पॉक ब्राऊ. १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेत लेनर्ड निमॉयनं मिस्टर स्पॉकचं काम केलं होतं, त्याच्या त्या तिरक्या वर गेलेल्या भुवयांवरून. ज्यांनी ती मालिका पाहिली नसेल त्यांनी गल्लीतल्या गणपतीच्या देखाव्यातला राक्षस आठवावा. फरक फार नाही.

(आणि हो, बोटॉक्स हे एका ब्रँडचं नाव. औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, आणि ते इतर नावांनीही मिळतं. पण वनस्पती तुपाला आपण सगळेच डालडा म्हणत आलो, तसंच हे.)

माझी एक मैत्रीण आहे. गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. नोकरी पुण्यात, खराडीला, एचआरमध्ये. वय एकोणतीस. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि स्वतःच्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, असा तिचा जॉब. तरी कपाळावर तीन आडव्या रेषा उमटल्याच. त्यात साखरपुडा ठरला, अंबाजोगाईला. फोटोग्राफर ठरला, साडी ठरली, आणि मग आरशात पाहता पाहता कपाळही ठरलं. घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये 'फक्त कपाळ' अशी ऑफर होती. या औषधाचं बिल युनिटवर होतं, त्यामुळे कमी युनिट म्हणजे कमी पैसे. तिच्या कपाळाच्या मधोमध चार-पाच टोचण्या झाल्या, दहा मिनिटांत बाईसाहेब स्कूटीवर परत.

चौथ्या दिवशी तिचा सेल्फी आला. रेषा गायब, खाली तीन उद्गारचिन्हं. आठव्या दिवशी दुसरा सेल्फी आला, खाली काहीच लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नव्हती. कपाळाचा मधला भाग काचेसारखा गुळगुळीत आणि दोन्ही भुवयांची शेपटं आकाशाकडे. तिनं बोलताना भुवया जरा जरी उचलल्या, तरी मधलं सगळं ढिम्म आणि टोकं मात्र टणकन वर!

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तिच्या आईनं पहिलंच वाक्य टाकलं, "कामून गं माय, राग आलाय का? भुवया कामून चढवायलीस?" आईचं ठीक होतं, आईला काहीतरी सांगून वेळ मारून नेता येते. पण दुसऱ्या दिवशी मुलाकडच्या मावशींचा कॉल झाला. जेवणाचा बेत, हॉल, पाहुण्यांचे आकडे, सगळ्याला ही बिचारी मनापासून 'हो, चालेल' म्हणत होती आणि प्रत्येक 'हो'वर तिची भुवई 'खरंच का?' विचारत होती. कॉल संपल्यावर मावशींनी मध्यस्थ काकांना फोन लावला. मुलीला स्थळ मनापासून पसंत आहे ना? की घरच्यांनी गळ्यात मारलंय?

इथे मात्र आमची हसायची सोय संपली. आपल्याकडे मुलीच्या चेहऱ्यावरून तिचं मन ओळखण्याचा धंदा अजून जोरात आहे. तिला विचारण्यापेक्षा तिच्याकडे बघून अंदाज बांधणं लोकांना सोपं वाटतं. आणि या मुलीनं तर स्वतः पाहून, भेटून, सहा महिने बोलून हा मुलगा पसंत केलेला.

तर भुवया का चढतात? अनेकांना वाटतं, औषध जास्त झालं म्हणून. तसं नाही, आणि सगळी गोम इथेच आहे.

कपाळात फ्रॉन्टॅलिस नावाचा एक रुंद, पातळ, उभ्या धाग्यांचा स्नायू असतो. भुवईला वर खेचणारा हा एकटाच. खाली खेचणारे मात्र बरेच आहेत. दोन भुवयांच्या मधले, आठ्या पाडणारे, आणि डोळ्याभोवती गोल फिरणारा. दिवसभर यांची रस्सीखेच चालू असते आणि तिच्यातून तुमच्या भुवईची जागा ठरते. बोट्युलिनम टॉक्सिन काय करतं, तर नसेकडून स्नायूला 'आवळ' म्हणून जो रासायनिक निरोप जातो तो अडवतं. निरोप नाही, तर आवळणं नाही, तर सुरकुती नाही.

आता लग्नाचा मांडव डोळ्यासमोर आणा. वरून दोऱ्यांनी कापड ताणून धरलंय. कोणीतरी येऊन मधल्या दोऱ्या ढिल्या केल्या आणि कडेच्या तशाच घट्ट सोडल्या, तर काय होईल? मध्ये कापड सपाट पडेल आणि कडा वर टांगलेल्या राहतील. मैत्रिणीच्या कपाळावर तंतोतंत हेच झालं होतं. औषध मधल्या धाग्यांना मिळालं. बाहेरच्या बाजूच्या धाग्यांना मिळालंच नाही, किंवा पुरेसं मिळालं नाही. ते पूर्वीसारखेच, कधी कधी पूर्वीपेक्षाही हिरिरीनं भुवईची टोकं ओढत राहिले.

म्हणजे उपाय काय? आणखी थोडं औषध! ऐकून तिचा जीव वरखाली झाला. ज्यानं वाट लागली तेच पुन्हा टोचून घ्यायचं? पण होय, उपाय तोच आहे. सर्वात वर चढलेल्या जागेच्या वर, अजून ओढणाऱ्या त्या धाग्यांत, प्रत्येक बाजूला साधारण एक ते दोन युनिट. किती कमी, ते कळण्यासाठी सांगते. कंपनीच्या माहितीपत्रकात भुवयांमधल्या आठ्यांसाठी २० युनिट आणि कपाळाच्या आडव्या रेषांसाठी २० युनिट दिलेले आहेत. त्यापुढे हे एक-दोन म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर.

पण ती कधी घालायची याला नियम आहे. इंजेक्शनचा परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो आणि पूर्ण बसायला साधारण दोन आठवडे जातात. आठव्या दिवशी घाई करून कडेला औषध घातलं आणि पहिलं औषध नंतर आणखी मुरलं, तर भुवई खाली येऊन डोळ्यावर बसते. चढलेली भुवई उतरवता येते, पडलेली उचलणं फार अवघड. या औषधावर उतारा नाही. फिलरला जसं विरघळवणारं इंजेक्शन असतं, तसं इथे काही नाही. म्हणून डॉक्टर चौदा दिवस थांबवतात. कधी कधी तेवढ्यात भुवया आपल्या आपण थोड्या सावरतातही.

मूळ क्लिनिकनं फोनवर 'सेट होईल मॅडम' एवढंच सांगितलं. कधी, कसं, विचारलं तर पुन्हा 'सेट होईल'. मग आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. मी सोबत होते, अर्धी मैत्रीण म्हणून आणि अर्धी पत्रकार म्हणून. बाईंनी पहिल्या भेटीत सुईला हातच लावला नाही. ताठ बसवलं. भुवया उचल, आता आठ्या पाड, आता डोळे गच्च मीट, प्रत्येक वेळी फोटो. कोणतं औषध, किती युनिट, कुठे कुठे, हे विचारलं. मैत्रिणीला यातलं एकही माहीत नव्हतं. वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं सारखी नसतात, एकाची वीस म्हणजे दुसऱ्याची वीस नव्हेत, त्यामुळे हा प्रश्न फालतू नाही. क्लिनिकला पुन्हा फोन लावून ते लिहून घ्यायला लावलं, आणि मग सांगितलं, चौदा दिवस झाले की या.

चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेन्सिलीनं दोन्हीकडे एकेक ठिपका. ठिपका भुवईला चिकटून नाही, बराच वर. डोळ्याच्या खोबणीच्या हाडाची कड बोटानं चाचपून तिथून साधारण दोन सेंटिमीटर. खाली टोचलं की भुवई लोळण घेण्याची भीती. बारीक सुई, एकेक युनिट, संपलं. मला तर ते इंजेक्शनपेक्षा सुताराचं काम वाटलं. मोजमाप अर्धा तास, ठोका एक.

मधल्या त्या सहा दिवसांत मात्र मैत्रिणीला जगभरचे सल्ले मिळाले. कोणी म्हणालं गरम पाण्याची पट्टी ठेव, कोणी म्हणालं रोज चोळ, जिरून जाईल. औषध एकदा नसांच्या टोकांत बसलं की चोळून निघत नाही. टोचल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत चोळलं तर उलट नको तिथे पसरण्याची भीती असते. ऑफिसमधल्या एकीनं सुचवलं, वरची टोकं थ्रेडिंगनं उडव. हा सल्ला सगळ्यात वाईट, कारण तो त्या दिवशी उपयोगी पडतो. कमानीच्या वरचे केस काढले की भुवई लगेच सरळ दिसते. पण तीन-चार महिन्यांनी औषधाचा असर ओसरतो, स्नायू जागा होतो, भुवई मूळ जागी येते आणि तिथे वरच्या बाजूला खड्डा! वाढवायला पुन्हा काही महिने. टॅटू किंवा मायक्रोब्लेडिंगचा तर विचारही नको. चढलेल्या जागेवर कायमची भुवई गोंदून घ्यायची म्हणजे पुरात नदीकाठ मोजल्यासारखं.

मेकअपचा एक उपाय मात्र खरंच चालतो. कमानीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं हलकं भरायचं, वरच्या टोकाला कन्सीलर लावायचं, आणि उजळ आयशॅडो भुवईच्या हाडावर अजिबात लावायचं नाही. केस जरा कपाळावर आणले की काम झालं. मावशींच्या पुढच्या व्हिडिओ कॉलला तिनं हेच केलं, शिवाय लॅपटॉपचा कॅमेरा थोडा वर ठेवला. आणि बोलता बोलता स्वतःहून सांगून टाकलं, की मला हे लग्न हवंय. मावशी दोन सेकंद गप्प, मग म्हणाल्या, "अगं बाई, एवढं स्पष्ट बोलतेस होय!"

एक मिनिट, इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवते. भुवईचं टोक वर जाणं वेगळं आणि वरची पापणीच खाली येऊन डोळा अर्धा मिटल्यासारखा होणं वेगळं. पापणी पडली तर औषध नको त्या स्नायूपर्यंत पोचलेलं असतं, तिथे आणखी टोचून भागत नाही. डॉक्टर काही थेंब देतात, त्यानं पापणी काही तासांपुरती मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचलते, बाकी आठवडे मोजायचे. आणि इंजेक्शननंतर काही तासांत किंवा काही दिवसांतही गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, एकाचे दोन दिसू लागले, तर ब्युटीचा विषय संपला, थेट हॉस्पिटल. २०२४ साली अमेरिकेत नकली किंवा चुकीच्या हातांनी दिलेल्या बोटॉक्समुळे ११ राज्यांतल्या २२ जणींना त्रास झाल्याची नोंद तिथल्या आरोग्य यंत्रणेनं केली. त्यातल्या ११ जणींना दाखल करावं लागलं. सगळ्या बायका होत्या आणि कित्येकींना टोचणाऱ्याकडे परवानाच नव्हता.

आहेच ते जहर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत खराब सॉसेज खाऊन माणसं मरत होती. यूस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं त्याचा अभ्यास केला, आणि लॅटिनमध्ये सॉसेजला बोट्युलस म्हणतात म्हणून पुढे हे नाव पडलं. त्या विषाचा कण-कण वापरून आधी तिरळेपणा आणि पापण्यांची उबळ यांवर उपचार झाले, अमेरिकेत त्याला १९८९ साली मान्यता मिळाली. सुरकुत्यांचा शोध हा बायप्रॉडक्ट. कॅनडात व्हँकुव्हरला जीन करुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर पापण्यांच्या उबळीवर हे इंजेक्शन देत होत्या, तेव्हा लक्षात आलं की पेशंटच्या आठ्याही मिटतायत. नवरा ॲलेस्टर त्वचेचा डॉक्टर. घरच्या घरी दोन स्पेशालिटी! त्यांचा पेपर १९९२ साली आला, भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेची मान्यता २००२ मध्ये. कपाळाच्या आडव्या रेषांना मात्र २०१७ उजाडलं, आणि तेव्हाही सूचना अशी, की कपाळ करायचं तर भुवयांमधल्या आठ्यांसोबत करा. कारण वर खेचणारा एकटा स्नायू झोपवला आणि खाली खेचणारे जागे ठेवले, तर भुवई पडायचीच. 'फक्त कपाळ' ही ऑफर वाचताना हे आठवलं तरी पुष्कळ.

आईला वाढदिवसाची भेट म्हणून हे द्यायचं मनात असेल तर जरा थांबा. वयाबरोबर पापण्या जड होतात आणि पुष्कळ जणी नकळत कपाळ उचलूनच डोळे उघडे ठेवतात. त्यांचं कपाळ गोठवलं की डोळ्यांवर झाप पडल्यासारखं होतं. तिला साडी द्या.

बीडकडच्या मैत्रिणींसाठी आणखी थोडं. लग्नसराईत 'घरी येऊन करून देते' म्हणणाऱ्या ताई आता तालुक्याच्या गावातही पोचल्या आहेत. हे औषध पावडरच्या रूपात बाटलीत येतं, दोन ते आठ डिग्रीत ठेवावं लागतं, सलाइनमध्ये कालवून देतात. पर्समध्ये घालून जामखेड-पाटोदा-मांजरसुंबा असा उन्हातला प्रवास करून आलेल्या बाटलीत काय उरलंय, हे त्या ताईंनाही माहीत नसतं. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा, ब्रँड, बॅच नंबर आणि युनिट लिहून घ्या. टोचणारी व्यक्ती नोंदणी असलेली डॉक्टर हवी, आणि चौदा दिवसांनी तीच तिथे भेटणार आहे का, हे आधी विचारा. इंजेक्शन पुण्यात आणि चौदावा दिवस केजमध्ये, असं वेळापत्रक करू नका. आणि इंजेक्शन न घेताच एका बाजूची भुवई अचानक पडली, डोळा मिटेना, तोंड वाकडं झालं, तर ती चेहऱ्याच्या नसेची किंवा मेंदूची तक्रार असू शकते. तेव्हा पार्लर नाही, पुणंही नाही. अंबाजोगाईत १९७० च्या दशकापासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे तडक जायचं.

बाकी चौदा दिवस थांबवत नाही म्हणणाऱ्यांचं बीडकरांना हसू येईल. नगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली आणि बीडला गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ ला!

मैत्रिणीच्या भुवया टचअपनंतर चौथ्या दिवशी उतरायला लागल्या. आठव्या दिवशी साखरपुडा होता, तोवर कमान राहिली, टोक गेलं. डावी बाजू उजवीपेक्षा केसभर वर आहे, पण ती इंजेक्शनच्या आधीही होती. बाईंनी पहिल्या फोटोत दाखवलं तेव्हा तिला प्रथमच कळलं. मावशींनी स्टेजवर तिची हनुवटी धरून चेहरा नीट पाहिला आणि समाधानानं पेढा भरवला.

लग्नाचा मुहूर्त निघाला तशी ती कॅलेंडर घेऊन बसली. मुंडावळ्या कपाळावरच बांधायच्या, तेव्हा आधी काय करायचं ते आत्ताच ठरवू म्हणाली. करायचंच तर सहा आठवडे आधी इंजेक्शन, चार आठवडे आधी तपासणी, लागलं तर टचअप, वर दोन आठवडे शिल्लक. साखरपुड्यानंतर तिनं आईला सगळं सांगून टाकलं होतं, म्हणून हा हिशोबही आईला ऐकवला. आईनं शेंगा निवडता निवडता ऐकून घेतलं.

"या टायमाला थोड्या आठ्या राहू दे गं माय," ती म्हणाली. "जावयाला कळायला नको का, तू कव्हा चिडलीस ते?"